ट्रकचं टोपडं

ट्रकच्या अड्ड्यावर त्या वस्तूला सगळे टोपडं म्हणत. नव्या ट्रकच्या तोंडावर, बॉनेटपासून खाली बंपरपर्यंत घट्ट बसणारं रेक्झिनचं आवरण. दिव्यांच्या जागी भोकं, हवेच्या जागी जाळी, कडेने रिंगा आणि त्यांतून ओवलेली दोरी. तान्ह्या पोराचं टोपडं हनुवटीखाली बांधतात तसं हे बंपरखाली बांधायचं. पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेल्या खडीने नव्या रंगाचे टवके उडू नयेत, एवढाच त्याचा उपयोग. ते शिवणारे म्हणून काका टोपडेकाका. त्यांचं खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायची कोणाला गरज पडत नसे.

काका आधी सीट शिवत. सव्वीस वर्षांपूर्वी एक ड्रायव्हर कालच घेतलेली गाडी घेऊन आला आणि दुकानासमोर उकिडवा बसून राहिला. बॉनेटवर तीन टवके उडाले होते. पोराच्या कपाळाला खोक पडावी तसा तो त्यांच्याकडे बघत होता. काकांना त्याची दया आली. सीटच्या कामातून उरलेलं रेक्झिन घेऊन त्यांनी बॉनेटला टोपी शिवली. आतून फ्लॅनेल लावलं, रंगाला मऊ लागावं म्हणून. हे फ्लॅनेल काकांच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेलं. पुढे कापड घेताना ते दुकानात उभे राहून ताग्याचं टोक गालावर घासून बघत. दुकानदार म्हणे, "काका, ट्रकला घालताय का नातवाला?" काका म्हणत, "नातू रडून सांगतो तरी. ट्रक कसा सांगणार?"

पहिल्याच वर्षी एक गोष्ट घडली. एका ड्रायव्हरने धुण्यासाठी टोपडं ओढून काढलं आणि त्याच्या हुकाने हातभर ओरखडा पडला. काकांनी तेव्हापासून हुक बंद केले, दोरी आणली आणि एक नियम केला. गाडी न्यायला आलेल्या प्रत्येकाला समोर उभं करून ते हा नियम सांगत.

"एकदा बांधलं की सोडायचं नाही. वरून पाणी मारा, फडकं मारा, पण दोरीला हात लावायचा नाही. ओरखडे काढण्याघालण्यातच पडतात."

एरवी डॉक्टरचंही न ऐकणारी ही माणसं काकांचं मात्र ऐकत. वर्षानुवर्षं टोपडी गाड्यांच्या तोंडावरच राहिली. फाटली की नवं टोपडं जुन्याच्या वरूनच चढवून घेणारेही होते, आणि गाडी विकली तरी ती टोपड्यासकटच जाई.

काकांना एकच मुलगी. तिचा नवरा ट्रकच चालवायचा, पण दुसऱ्याचा. लग्न झालं त्या वर्षी तो सीट दुरुस्तीला दुकानात आला होता. फाटलेली सीट बघून काका चार ड्रायव्हरांच्या देखत बोलून गेले, "जावईबापू, गाडी चालवता का नांगर?" सगळे हसले. जावई हसला नाही. त्यानंतर अकरा वर्षं तो सासऱ्यांशी विचारलं तेवढंच बोलत आला. काका घरी गेले की तो अंगणात जाऊन गाडीच्या चाकांची हवा तपासत बसे. काकू म्हणत, "तुमच्या जिभेला एक टोपडं शिवा आधी." काकांना ते लागे, पण म्हणणं खोटं नव्हतं.

मग जावयाने स्वतःचा ट्रक घेतला. शाईसारखा निळा. गाडी ताब्यात मिळाल्या दिवशी तो घरी न जाता थेट दुकानासमोर आला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून म्हणाला, "मामा, हिला टोपडं शिवा. तुमच्या हातचं."

काका एरवी तीन दिवसांत टोपडं देत. या वेळी नऊ दिवस घेतले. माप तीनदा घेतलं. फ्लॅनेल दुप्पट जाड लावलं. बांधून झाल्यावर जावयाने सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं, एका बाजूने रिंगांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "जावयाची गाडी म्हणून हे काम नाही केलेलं. हे कामच असं आहे." अकरा वर्षांत काकांनी त्याच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

त्यानंतर रविवारी काका गेले की जावई स्वतः खुर्ची पुढे करू लागला. "मामा, बसा." मग मालाच्या गोष्टी, रस्त्याच्या गोष्टी. रस्त्यात भेटलेल्या ड्रायव्हरांना तो टोपडं दाखवतो, हे मुलीने सांगितलं, तेव्हा काकांनी चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

असे आठ महिने गेले.

अड्ड्यावर घड्याळ नावाचा एक ड्रायव्हर होता. माल नेहमी वेळेआधी पोचवतो म्हणून घड्याळ. चार वर्षं चालवलेली गाडी विकायची म्हणून तो गिऱ्हाईक घेऊन काकांच्या दुकानासमोर आला. गिऱ्हाईक म्हणालं, टोपडं काढा, तोंड बघू दे. घड्याळ ऐटीत म्हणाला, "बघाच. कालच कारखान्यातून निघाल्यासारखं असेल." काकांनी स्वतः दोरी सोडली आणि टोपडं वर उचललं.

बाजूची दारं चकाकत होती. बॉनेट मात्र राखेसारखं पांढुरकं झालं होतं. वळणांवर, जिथे रेक्झिन ताणून बसलेलं असतं तिथे, रंग पार जाऊन खालचा प्रायमर दिसत होता. खडीचा एकही टवका नव्हता. टवका उडायला रंगच राहिला नव्हता.

गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं. घड्याळ बराच वेळ बघत राहिला आणि मग खोकल्यासारखा हसला. "काका, टोपड्याखाली टक्कल."

काकांनी टोपडं उलटं करून मांडीवर घेतलं. फ्लॅनेल हाताला मऊ लागेना. चार वर्षांची रस्त्याची धूळ त्याच्या लवेत बसून घट्ट झाली होती. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. सुताराचा पॉलिशकागद लागतो तसंच लागलं. वाऱ्याने टोपडं थरथरत राहणार, धूळ आत शिरणार, मऊ कापड ती धरून ठेवणार आणि मैलोन्‌मैल रंगावर घासत राहणार. साध्या पातळ कापडावरून धूळ झटकली तरी गेली असती, आणि अधूनमधून काढून धुतलं असतं तर राहिलीच नसती. पण कापड जाड निवडलं काकांनी, आणि काढायचं नाही हेही सांगितलं काकांनीच.

"कुंपणानंच शेत खाल्लं," घड्याळ म्हणाला. त्याने भांडण केलं नाही. त्याने भांडण करायला हवं होतं, असं काकांना वाटत राहिलं.

त्या दिवशी काकांनी मशीनवर झाकण घातलं आणि भिंतीला टांगलेल्या कागदी नमुन्यांकडे बघत बसले. सव्वीस वर्षांत किती टोपडी, याचा अंदाज त्यांनी केला नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच गाडी होती. तिच्या टोपड्यात फ्लॅनेल दुप्पट जाड होतं.

रविवारी ते मुलीकडे गेले. तीन दिवसांच्या फेरीवरून आलेला जावई जेवून आत झोपला होता. काका हळूच अंगणात आले. भरदुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने मारलेल्या गाठी चोरासारख्या सोडल्या आणि टोपडं एका बाजूने उचललं. दिव्याच्या वरच्या वळणावर तळहाताएवढा डाग होता. शाईच्या निळ्यावर कोणी दूध सांडून पुसलं असावं तसा. दुसऱ्या बाजूला हात घालून बघायचा त्यांना धीर झाला नाही.

"काय झालं, बाबा?"

मुलगी वाळत घालायचे कपडे खांद्यावर घेऊन मागे उभी होती. तिने डाग बघितला. काकांनी तिला सगळं सांगितलं, फ्लॅनेल, धूळ, घड्याळची गाडी.

"बांधा ते," ती शेवटी म्हणाली.

"अगं, सांगायला हवं त्यांना. अजून थोडंच आहे. आता काढलं तर बाकीचं वाचेल."

"बाबा, या घरात तुमचं नाव निघतंय. आठच महिने झालेत. त्याआधी तुम्ही येणार म्हटलं की मला दोन्हीकडे बघून बोलावं लागायचं. डाग काय, उद्या खडीनंही पडला असता." तिने आवाज खाली आणला. "ते उठायच्या आत बांधा."

काकांनी बांधलं.

जावई उठल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. चहा घेताना ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "जावईबापू, ते टोपडं अधूनमधून काढून धुवत जा हं."

जावई हसला. "मामा, परीक्षा घेताय का माझी? ओरखडे काढण्याघालण्यातच पडतात. तुमचंच वाक्य आहे." त्याने बायकोकडे बघितलं. "मी तर दोरीला अजून बोटही लावलेलं नाही. विचारा हिला."

मुलगी म्हणाली, "नाही लावलेलं."

काकांनी चहा संपवला.

नंतरच्या आठवड्यात दुकानासमोर एक कोरा ट्रक येऊन उभा राहिला. चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या पुढच्या. आजवर टँकर चालवला, आता स्वतःची गाडी घेतली, असं त्यांनी उतरता उतरताच सांगितलं. गाडीचा रंग पिकल्या लिंबासारखा. त्या बॉनेटला हातसुद्धा लावत नव्हत्या. पदराने आधी धूळ झटकायला गेल्या आणि मग तोही हात मागे घेतला.

"तुमच्या जावयांनी पाठवलं. ढाब्यावर भेटले होते. टोपडं घ्यायचं तर तुमच्याकडूनच, म्हणाले. आणि एकदा बांधलं की काढायचं नाही म्हणे."

काका टेप घेऊन उठले होते. त्यांनी बॉनेटवर टेप ठेवला. नव्या रंगात त्यांना स्वतःचा चेहरा आणि हातातला पिवळा टेप स्पष्ट दिसत होता. त्यांनी टेप गुंडाळून खिशात घातला.

"बाई, टोपडं घेऊ नका."

"का? काम जास्त आहे का?"

"काम नाही. टोपड्यानं रंग जातो. आत धूळ बसते आणि घासते. मी इतकी वर्षं चुकीचं सांगत आलो. आता ती पारदर्शक फिल्म मिळते ना, काचेसारखी, रंगालाच चिकटते, ती लावून घ्या. आणि टोपडं घालायचंच असेल कधी, तर आतून पातळ कापडाचं घाला, आठवड्याला काढा, टोपडं आणि बॉनेट दोन्ही धुवा, ओल्यावर बांधू नका."

बाई म्हणाल्या, "मग तुमच्या जावयांच्या गाडीचं?"

काका खिशातला टेप काढून पुन्हा गुंडाळू लागले. बाईंनी ओळखलं आणि पुढे विचारलं नाही. जाताना "बरं केलंत सांगितलंत" एवढं म्हणाल्या. त्यांचा आणि जावयाचा रस्ता एकच, हे काकांना माहीत होतं. त्यांनी दोनदा फोन हातात घेतला. एकदा जावयाच्या घरचा नंबरही लावला. मुलीने उचलला, तेव्हा त्यांनी तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि ठेवून दिला.

सहाव्या दिवशी निळा ट्रक दुकानासमोर थांबला. तोंड उघडं होतं. दोन्ही वळणांवर दोन डाग, आणि मधे नंबरपाटीच्या वर तिसरा, काकांच्या मनातही न आलेला. जावई टोपड्याची घडी घेऊन आत आला. घडी नीट केलेली होती. ती त्याने मशीनशेजारी ठेवली.

"मामा, रंगाचं काही नाही. रंग काय, देता येतो."

काका म्हणाले, "चूक माझी. मी फ्लॅनेल..."

"ते त्या बाईंनी सांगितलं. चूक कोणाचीही होते." तो उभाच होता. "त्या बाईंना तुम्ही तासाभराच्या ओळखीवर सांगितलंत. मला नाही सांगितलंत. उलट मी चार जणांना तुमचं नाव सांगत फिरलो. ढाब्यावर सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांनीच सांगितलं की हे घालू नका. मी काय बोलणार?"

बाहेर एक ट्रक मागे घेताना कोणीतरी ओरडून वाट दाखवत होतं.

"त्या रविवारी तुम्ही धुवा म्हणालात," जावई म्हणाला. "तेव्हा माहीत होतं तुम्हाला."

"होतं."

"हिला माहीत होतं?"

काकांनी घडीकडे बघितलं. आपण काय उत्तर देणार, हे त्यांना प्रश्न पुरा होण्याआधीच कळलं होतं.

"नाही. ती आत होती. मी एकट्यानंच सोडून बघितलं आणि बांधून ठेवलं. तिला कळलं असतं तर तिनं तुम्हाला त्याच क्षणी सांगितलं असतं."

जावई त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला ते पटलं की त्याने ते पटवून घेतलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून समजेना. मान हलवून तो बाहेर गेला. काका दारापर्यंत गेले. गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी तो उघडा निळा रंग बघितला.

रविवारी काका गेले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी मुलगीच आली, एकटी. आईजवळ बसली, मग दुकानात आली. काका सीट शिवत होते. अलीकडे सीटचंच काम होतं.

"काय म्हणतात?" काकांनी सुईवरून नजर न काढता विचारलं.

"काही नाही म्हणत. माझ्याशी नीट आहेत." ती थोडी थांबली. "तुम्ही माझं नाव नाही घेतलंत, बाबा."

"दोरा दे तो."

तिने दोरा दिला. त्यांनी तो ओवला. मग ते म्हणाले, "अड्ड्यावरून गाडी जाताना दिसली नाही, दोन आठवडे झाले."

"मागच्या रस्त्यानं जातात आता."

"लांब पडतो तो."

"पडतो," ती म्हणाली.