चिठ्ठीखालचा चेहरा

राजवाड्यामागच्या गल्लीत ती जुने फोटो दुरुस्त करते. बाईचा फोटो हातात आला की आधी तिच्या चेहऱ्यावर कागदाची चिठ्ठी ठेवते. "चेहरा बघितला की माणूस आवडायला लागतं, सार. मग कपडे नीट दिसत नाहीत," हे ती तमिळमध्ये अगदी ठासून सांगते. फुग्याची बाही, ब्लाउजची कॉलर, पदराची पिन, एवढ्यावरून ती फोटोचा काळ सांगते. आपण चुकू शकतो, हे तिला मान्यच नाही.

माझ्या थोरल्या आत्याचा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, खाकी वर्दीतला फोटो मी तिच्याकडे नेला. आत्यानं कुणाची तरी वर्दी मागून हौसेनं तो काढून घेतला, असं आमच्या घरात सगळे सांगतात. म्हणून दादाला भिंतीवर लावण्यासाठी वर्दीच्या जागी कांजीवरम हवी होती.

तिनं चिठ्ठी ठेवली, भिंग धरलं.

"कंबरेला टक्स बघा. ढगळ वर्दी उसवून अंगाबरोबर केलीय. कोपरावर कापड झिजून चकाकतंय. एका फोटोसाठी उसन्या वर्दीला कुणी कात्री लावतं का?"

"पण दादा म्हणतो..."

"त्यांना सांगा, साडी चढवणार नाही. डाग तेवढे काढते."

मग तिनं चिठ्ठी उचलली आणि आत्याला पहिल्यांदा पाहिलं. मी साठीचा झालो, पण आत्याला मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.