फ्लोराबाईंचे मोजे

वरसे गावच्या फ्लोराबाईंइतकी क्षमा उभ्या रायगड जिल्ह्यात कोणी केली नसेल. मागा न मागा, बाई क्षमा करून मोकळ्या! भाजीवालीने मापात मारलं, क्षमा. नवरा एलियास धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला आणि उपासनेत घोरला, तर त्यालाही क्षमा, आणि तीही साऱ्या मंडळीसमोर, नाव घेऊन. "प्रभू, ह्यांना जागं राहायची शक्ती दे." एलियास बिचारा दचकून "आमेन" म्हणायचा. क्षमा मागायची वेळ मात्र बाईंवर कधी आलीच नाही. चुका होतील तेव्हा ना!

सून अपेक्षा लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी पायांची नखं लालभडक रंगवून उपासनेला आली. बाईंनी तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत सुनावलं, "प्रभूच्या घरात असले रंगवलेले पाय चालत नाय हां, गो बाय." पोरगी रडली नाही की भांडली नाही. महिन्याभरात मुलगा सुजय आणि ती पेणला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. नाताळ आला नि गेला, दोघं फिरकली नाहीत. बाई येईल त्याला सांगत सुटल्या, "मी तिला क्षमा केलीय." इकडे जेवायच्या वेळी मात्र हात सवयीने सुजयचं ताट काढायचा आणि परत मांडणीवर ठेवायचा. पोरं घरी यावीत, एवढंच बाईंचं मागणं होतं. पण क्षमा करून झाल्यावर पुढे काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

आता नखांची गोष्ट. न्हाणीघराच्या फळीवर अपेक्षाची ती लाल बाटली राहून गेली होती. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, एलियास कामावर गेलेला असताना, बाईंनी ती फेकायला म्हणून उचलली. झाकण उघडून वास घेतला. म्हटलं, बघू तरी, एवढं काय असतं ह्यात! पायाचं एक नख रंगवलं. एकच वाईट दिसतं म्हणून दुसरं. बघता बघता सगळी बोटं लाल, अर्धा रंग नखांवर आणि अर्धा कातडीवर. खरं सांगायचं तर बाईंना आपले पाय आवडले. खाटेवर पाय पसरून बराच वेळ नुसत्या बघत बसल्या, आणि मग त्यांचं धाबं दणाणलं.

रॉकेल झालं, लिंबू झालं, वजरीने घासून घासून कातडी सोलली, रंग काही जाईना. पुसायचं औषध पुलापलीकडे अष्टमी गावात शकूच्या दुकानात मिळतं, पण शकूकडे मागायचं म्हणजे बाईंनी पूल ओलांडायच्या आत बातमी रोह्यात! शेवटी त्यांनी एलियासचे कंपनीतले जाड मोजे चढवले आणि एप्रिलच्या उकाड्यात उपासनेला निघाल्या. "सांध्यांना वारा लागतो," म्हणाल्या. एलियासने झाडांकडे बघितलं. पान हलत नव्हतं.

तो गुड फ्रायडेचा आदला दिवस. त्या संध्याकाळी ह्या छोट्याशा मंडळीत एकमेकांचे पाय धुवायची रीत आहे. बाई दरवर्षी धुणाऱ्यांत, घमेलं घेऊन सगळ्यांच्या पुढे. स्वतःच्या पायांना मात्र कोणाचा हात लागू द्यायच्या नाहीत. यंदा पाळकसाहेबांना काय सुचलं देव जाणे! म्हणाले, "जे नेहमी धुतात, ते आज बसतील. फ्लोराबाई, या खुर्चीवर." आणि एलियासने गुपचूप फोन करून बोलावलेली सुजय-अपेक्षा नेमकी तेव्हाच दारातून आत आली.

"वा! सासूबाईंचे पाय सूनबाई धुतील," पाळकसाहेब खूश होऊन म्हणाले.

अपेक्षा पुढे येऊन खाली बसली. बाईंनी दोन्ही मोजे गच्च धरले. "माझे नको. माझे नको गो."

अपेक्षाचा चेहरा पडला. सासू आपल्याला पायसुद्धा धरू देत नाही, एवढंच तिला कळलं. ती उठली. "चल सुजय, जाऊ आपण."

आता गेली तर ही परत येणार नाय, हे बाईंना लख्ख दिसलं. "थांब!" त्या ओरडल्या, आणि स्वतःच एक मोजा ओढून काढला.

लालभडक नखं, सोललेली कातडी आणि वर रॉकेलचा वास. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"तुझीच बाटली," बाई म्हणाल्या. "मीच लावलं. आवडलं मला. आणि तुला चारचौघांत तेवढ्यासाठी बोलले. चुकलं गो माझं. मला क्षमा कर."

हे शब्द बाईंच्या तोंडून असे उलट्या दिशेने जाताना आजवर कोणी ऐकले नव्हते. पाळकसाहेबांच्या हातातला टॉवेल खाली पडला.

अपेक्षा खाली बसली. घमेलं जवळ ओढून तिने सासूचा पाय पाण्यात घेतला, अंगठ्यावरून बोट फिरवलं. "किती घाण लावलंय, आई!" हसता हसता तिचे डोळे भरून आले. "आणि रॉकेलने जातं व्हय हे? ईस्टरला आम्ही घरी येतो. पुसून नीट लावून देते."

"लालच लाव," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा मोजा काढला.