पिंपळाला फूल आलं

पिंगळीच्या अलीकडच्या गावात, गावकुसाबाहेरच्या वस्तीवर सरजाबाईसारखं निरखून बघणारं माणूस दुसरं नव्हतं. कापूस वेचायला गेल्यावर बाकीच्या बायकांची तोंडं चालायची, हिचे डोळे चालायचे. टिटवीनं अंडी कुठल्या ढेकळाआड घातली, होल्यानं यंदा बोरीवर चार काड्यांचं कसलं गबाळं घरटं केलं, हिला सगळं ठाऊक. बायका म्हणायच्या, हिला पाखरांच्या बाळंतपणाचाच घोर. हसा बापड्यांनो! पण पाचटात साप निघाला की पहिली हाक हिलाच जायची. धामण का नाग, ते हीच सांगणार.

आणि अशा बाईनं चुकावं, तेही झाडाच्या बाबतीत?

त्याचं असं झालं. बहात्तरच्या दुष्काळात सरजाबाई सडकेच्या कामावर खडी फोडत होती. तिथं मोरीपाशी तिला एक रोपटं दिसलं. पान देठाशी रुंद, टोकाशी निमुळतं. तिला वाटलं, पिंपळच हा! बुद्धाच्या झाडाचं लेकरू आपल्या पायाशी उगवलंय. वस्तीनं धम्म घेऊन वरसं लोटली होती, पण विहार म्हणून पत्र्याचं एक छप्पर, बाकी काही नाही. तिनं रोप मुळासकट काढलं, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीच्या डब्यात माती घालून घरी आणलं आणि छपरापुढं लावलं. त्या साली माणसाला प्यायला पाणी नव्हतं. ही बाई हात धुतलेलं पाणी जपून त्याच्या बुडात ओतायची.

रोप जगलं, आणि असं भराभरा वाढलं की लोक तोंडात बोट घालायचे. सरजाबाईचा नवरा कवाच गेलेला, पोटी लेकरू नाही. तोवर वस्तीत तिला कोण पुसत होतं? आता लग्नकार्यात तिला पुढं बसवायला लागले, बोधीवाली सरजाबाई म्हणायला लागले. साऱ्या जिंदगीत तिनं कमावलं ते एवढंच, खोटं कशाला बोला.

एक गोष्ट मात्र तिला खटकायची. झाडाच्या बुडाशी तांबडे किडे जोडीजोडीनं हिंडायचे. कपाशीच्या बोंडावर असतात तेच. पिंपळावर हे कशाला मरायला येतात, असं मनात यायचं. मग ती खराटा घ्यायची आणि किडे झाडून टाकायची, त्यांच्यासंगं तो विचारही.

चार वर्षं गेली. वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी ती झाडाखाली झाडायला गेली. सहज वर बघितलं आणि खराटा हातातून गळाला. पानाआड फूल होतं. पिवळंधमक, आत काळपट तांबडा डाग. असलं फूल तिनं जन्मभर कपाशीवर बघितलेलं. पिंपळाला फूल दिसत नसतं, हे तर शेंबडं पोरही जाणतं. हात वर करून तिनं ते फूल तोडलं, पदरात लपवलं, आणि पुन्हा वर बघितलं तर फांदोफांदी कळ्या. किती तोडणार बाई? उद्या आसपासच्या गावांची माणसं ह्याच झाडाखाली वंदनेला बसणार होती.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कपड्यांनी अंगण भरलं. परभणीच्या कचेरीत कारकून असलेले तात्याराव वस्तीचे कारभारी, तेच पुढं बसून वंदना सांगत होते. सरजाबाईचं ध्यान वंदनेत कुठलं? ती फांद्यांकडं बघत होती. आणि व्हायचं तेच झालं. सुकून लालसर पडलेलं एक फूल टपकन बुद्धाच्या फोटोपुढं पडलं. तात्यारावांनी ते उचललं, वर बघितलं. सगळ्यांनीच वर बघितलं. वंदना तिथंच थांबली.

मग कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं हे भेंडीच्या जातीचं झाड दिसतंय, कुणी म्हणालं गावात हसं व्हायच्या आत कुऱ्हाड लावा. तात्याराव अजून त्या फुलाकडंच बघत होते.

"सरजाबाई," ते म्हणाले, "एवढ्या रानाची तुला वळख. तुला पिंपळ वळखू आला न्हाई?"

सरजाबाई उभी राहिली.

"न्हाई आला. पारावरचा पिंपळ आमी लांबूनच बघितला, तात्याराव. पाराजवळ कवा जाऊ दिलं होतं आपल्याला? तुमी तरी त्याचं पान हातात घेतलं का?"

तात्यारावांनी हातातलं फूल खाली ठेवलं. झाडाला फूल आल्याचा धक्का काहीच नव्हता, असा धक्का आता बसला. जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागला. ज्या पिंपळाच्या नावानं इतकी वर्षं माथा टेकवला, तो पिंपळ ह्या वस्तीत कुणीच हातानं जाणलेला नव्हता.

वस्तीत सगळ्यांत म्हातारी दगडाबाई. तिनं काठी टेकली आणि उठली. "चला," म्हणाली, "बघून तर येऊ."

आणि सगळे निघाले, भर उन्हात, पांढऱ्या कपड्यांत, गावच्या पाराकडं. वाटेत झाड तोडायचं पुन्हा कुणी काढलं नाही. पारावर दुकानदार सिद्रामप्पा दोघांचौघांसंगं बसला होता. एवढी माणसं येताना बघून त्यांचं बोलणं बंद पडलं. सिद्रामप्पानं पसरलेले पाय ओढून घेतले.

सरजाबाईनं खाली आलेली फांदी धरली. पान पातळ, आणि वारं नसताना थरथरत होतं. आपल्या झाडाचं पान जाड. रानातल्या पाखरांच्या काड्या निरखल्या आपण, आणि हे एवढंसं कळलं नाही? तिनं एक पान खुडून दगडाबाईच्या हातात दिलं. म्हातारीला धड दिसत नव्हतं. ती त्याच्या टोकावरून बोट फिरवत राहिली.

"एवढी लांब शेपटी असती व्हय गं याला?"

नवरी होऊन दगडाबाई ह्या गावात आली होती, आणि आता डोक्यावर एक काळा केस उरला नव्हता. तिचं घर त्या पारापासून हाकेच्या अंतरावर होतं.