मॅडमला डाएट झालंय

दुसऱ्यांची वजनं करणारी माणसं स्वतः काट्यावर चढली की काय काय होतं, ते मला विचारा. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात मी लॅबवाला आहे. बोट टोचायचं, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, रिपोर्ट लिहायचा, एवढंच माझं काम. पण मागच्या वर्षी आमच्याकडे डाएट आणि व्यायामाची जी लाट आली, तिचे किस्से इतके साठलेत, की शनिवारी जव्हारला घरी पोचलो की बायको चहाच्या आधी विचारते, "काटा काय म्हणतोय?"

आमची मंडळी तशी चारच. डॉक्टर मॅडम, तिकडच्या लातूरच्या, वयानं सगळ्यांत लहान. पुष्पा सिस्टर, पन्नाशीच्या, आमच्या केंद्राच्या खऱ्या मालकीण. काशिनाथभाऊ, अँब्युलन्सचे ड्रायव्हर, राहणार पोशेरा. आणि मी, भोये.

सुरुवात माझ्यामुळेच झाली. साखर तपासायच्या पट्ट्यांचा नवा बॉक्स आला होता. पेशंटला लावायच्या आधी एकदा तपासून बघावा म्हणून मी कोण बोट देतंय ते शोधत होतो. सिस्टरांना जेवून बराच वेळ झाला होता, त्या हात धुऊन पुसत समोरून चालल्या होत्या, त्यांनी बोट पुढं केलं. आकडा बघून मला वाटलं पट्टी खराब आहे. दुसरी लावली. मग माझं स्वतःचं बोट टोचलं. माझा आकडा बरोबर आला. सिस्टरांचा तिसऱ्यांदाही तोच.

सिस्टरांच्या मोठ्या बहिणीचा पाय साखरेमुळे कापावा लागला होता, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि स्वतःच्या पावलांकडे बघत राहिल्या.

मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या. वजन उतरवायला हवं, रोज चालायला हवं, असं सांगितलं. आणि सिस्टरांना एकटं वाटू नये म्हणून त्याच दिवशी जाहीर केलं की उद्यापासून आपण चौघंही.

*

पहिला आठवडा आम्ही अगदी देवाला घाबरावं तसा पाळला. पहाटे गार वाऱ्यात रस्त्याच्या वळणापर्यंत जायचं आणि यायचं. चहा बिनसाखरेचा. सिस्टरांनी भात बंद केला, तेल बंद केलं, बिस्किटाचा डबा माझ्या लॅबमध्ये आणून ठेवला. (तो मी सांभाळला, एवढंच म्हणतो.)

सोमवारी वजन केलं. सिस्टरांचं दीड किलो वाढलेलं.

मॅडमनी नीट समजावलं. नवीन व्यायाम सुरू केला की स्नायू दुखावतात, ते भरून येईपर्यंत शरीर पाणी धरून ठेवतं, म्हणून काटा वर जातो, घाबरायचं कारण नाही. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. इतकी वर्षं त्यांनी लोकांना समजावलंय, त्यामुळे समजावणारा कधी थांबणार ते त्यांना कळतं. मॅडम थांबल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, पाणी धरायला मी काय बंधारा आहे?"

तेव्हापासून कुणाचंही वजन वाढलं की आमच्याकडे "बंधारा भरला" असं म्हणतात.

*

दुसऱ्या आठवड्यात असं लक्षात आलं, की काटा जागा बदलली की मत बदलतो. इंजेक्शनच्या खोलीत एक वजन, माझ्या लॅबमध्ये दुसरं, आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात, जिथं फरशी जराशी खचलीय, तिथं सगळ्यांत कमी.

हे सगळ्यांना कळलं होतं आणि कुणी कुणाला सांगत नव्हतं. मी एकदा लवकर आलो तर काशिनाथभाऊ काटा काखोटीला मारून व्हरांड्याकडे निघालेले. मला बघून म्हणाले, पुसायला नेतोय. सिस्टर तर रोजच तिथं. शेवटी काशिनाथभाऊंनीच त्या कोपऱ्याला नाव दिलं. कुणी सिस्टरांना शोधत आलं की ते सांगायचे, "सिस्टर माहेरी गेल्यात. तिथं त्या बारीक होतात."

मॅडमनी एक दिवस इंजेक्शनच्या खोलीत खडूनं चौकोन आखला. काटा ह्याच्या बाहेर जाणार नाही, वजन सकाळी काही खायच्या आधी, आणि रोज नाही, आठवड्यातून एकदाच. त्या दिवशी आम्हा तिघांची वजनं एकदम वाढली. घरात कुणी आजारी असावं तशी शांतता होती.

*

काशिनाथभाऊंचा प्रश्न वेगळा. माणूस मूळचा काटक. लहानपणी पोशेऱ्याच्या डोंगरावर नागली लावलेला. पण वीस-एक वर्षं स्टेअरिंगमागे बसून पोट पुढं आलं. डाएट मनापासून करायचं म्हणून त्यांनी श्रावणात सोमवारच्या जोडीला शनिवारही धरला.

उपास म्हणजे काय, तर सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरईचा भात आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी बटाट्याचा कीस, आणि मधे अशक्तपणा वाटला तर राजगिऱ्याचा लाडू. महिना संपला तेव्हा ते चौकोनातल्या काट्यावर उभे राहिले, खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि पुन्हा खाली पाहिलं.

मी विचारलं, किती?

म्हणाले, "देवानं स्वीकारलं नाही. परत पाठवलं."

*

आता मॅडमचं. मॅडम शिस्तीच्या. दुपारी काकडी, मोड आलेले मूग, एक नाचणीची भाकरी. तरी वजन खाली यायला तयार नाही, उलट महिन्यात दोन किलो वर. त्यांनी थायरॉइडसुद्धा तपासून घेतला. रिपोर्ट मीच आणून दिला, नॉर्मल होता.

कारण मला आणि काशिनाथभाऊंना माहीत होतं, आम्ही दौऱ्यावर सोबत असायचो. पाड्यावर गेलं की मॅडमना कुठल्याच घरातून काही न घेता उठता येत नसे. एका घरी उकडलेली रताळी, दुसऱ्या घरी चहा, आणि तिकडचा चहा म्हणजे साखरेचा पाकच. पाहुणीला कमी गोड देणं म्हणजे अपमान. तिसऱ्या घरी बाळंतिणीच्या सासूनं हातावर ठेवलेला मोहाचा लाडू. मॅडम म्हणायच्या, एक घोट घेते फक्त. घोट मोजायला तिथं कुणी नव्हतं.

शेवटी त्यांनी मन घट्ट केलं. एका पाड्यावर हात जोडून सगळ्यांना सांगितलं, "मला आता काही देऊ नका. माझं डाएट चालू आहे."

पुढच्या मंगळवारी आम्ही तिथं पोचलो तर गाडीभोवती बायका जमलेल्या. कुणी हसत नव्हतं. एक म्हातारी पुढं आली. मॅडमचं तोंड दोन्ही हातांत धरून तिनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग लुगड्याच्या पदराखालून पाय बांधलेली एक गावठी कोंबडी काढली आणि मॅडमच्या हातात दिली.

म्हणाली, "बाय, तुला डाएट झालंय असं पोरं सांगत होती. घाबरू नको. हिचा रस्सा पी, बरी होशील."

मॅडमनी कोंबडी घेतली. परतीच्या वाटेवर ती मॅडमच्या मांडीवर बसून होती आणि काशिनाथभाऊ आरशातून बघत एवढं हसत होते, की मला वळणावर भीती वाटायला लागली.

कोंबडी कापायला मॅडमचा जीव झाला नाही. ती अजून क्वार्टरच्या मागे फिरते, अंडी देते. तिचं नाव डाएट.

*

असं सगळं हसण्यावारी चाललेलं असताना एक दिवस सिस्टर चालायला आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. त्या आठवड्यात त्यांचं वजन पुन्हा वाढलं होतं, आणि या वेळी ना नव्या व्यायामाचं कारण होतं ना फरशीचं. मॅडमनी खोदून विचारलं तेव्हा निघालं, की भात बंद केल्यापासून त्या भाकरीसोबत रोज सुकटीची चटणी आणि भाजलेले पापड खात होत्या. मिठानं अंगात पाणी साठतं, असं मॅडम म्हणाल्या. सिस्टर म्हणाल्या, सगळंच साठतं माझ्यात. आणि क्वार्टरचं दार लावून घेतलं.

मी दारात जाऊन दोन गोष्टी बोललो. उपयोग झाला नाही. त्या आतून म्हणाल्या, "भोयेभाऊ, ताईनंही सगळं केलं होतं."

मी परत आलो.

काशिनाथभाऊंनी काही उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या पाड्यावर लसीकरण होतं. ते सिस्टरांच्या दारात गेले आणि म्हणाले, गाडी चालू होत नाही, चालत जायला लागेल. लसीचा डबा ते स्वतः खांद्याला लावून उभे. सिस्टर कुरकुरत निघाल्या. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा एका बाळंतिणीला बघायला जायचं होतं, पुन्हा गाडी बंद. त्यानंतरच्या दिवशीही तेच.

गाडी ठणठणीत होती. मागच्या बाजूला लावून ठेवली होती, एवढंच. मॅडमना माहीत होतं, मला माहीत होतं. तातडीचा फोन आला असता तर ती एका किल्लीत सुरू झाली असती.

चौथ्या दिवशी काशिनाथभाऊ निघाले, तर सिस्टर आधीच बूट घालून पायरीवर बसलेल्या. वर बघून त्यांनी विचारलं, "आज पण बंदच आहे ना?"

काशिनाथभाऊ म्हणाले, हो, आज तर जास्तच बंद आहे.

*

तीन महिन्यांनी साखरेची सरासरी बघायची मोठी तपासणी केली. सँपल बाहेर पाठवलं होतं. रिपोर्ट आला तो मी आधी एकटाच वाचला, दोनदा वाचला, मग धावत गेलो. साखर छान खाली आली होती. मॅडम म्हणाल्या, अशीच राहिली तर एक गोळी कमी करू.

सिस्टरांनी वजन किती उतरलं ते विचारलं. सगळं मिळून किलोभर, तेही काट्याचा मूड चांगला असेल तर.

"मग इतके दिवस तो मोजत काय होता?" सिस्टर म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. मॅडम त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मी उगाच खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. काशिनाथभाऊ बिस्किटाचा डबा आणायला माझ्या लॅबमध्ये गेले आणि रिकामा डबा घेऊन परत आले.

*

एक किस्सा मी मुद्दाम मागे ठेवलाय. हा त्या तीन महिन्यांच्या मधलाच. सोनी आता चांगली गुटगुटीत आहे, अंगणवाडीत सगळ्यांत मोठ्यानं गाणी म्हणते, म्हणून तो हसत सांगता येतो.

सोनी तेव्हा चार वर्षांची. आईबापासोबत दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली, परत आली ती हाडं मोजावीत अशी. वजन कळल्याशिवाय मॅडमना तिचं औषध आणि जादा खाऊ नीट ठरवता येईना, आणि पोरगी काट्यावर चढायला तयार नव्हती. कुणी तरी तिला सांगितलं होतं, की काट्यावर उभं राहिलं की सुई टोचतात. लांबून काटा दिसला तरी आईच्या लुगड्यात घुसायची. जबरदस्ती केली की इतकी रडायची, की आकडा ठरायचाच नाही. दोनदा आम्ही तसेच परतलो होतो. तिची आई गाडी जाईपर्यंत उभी राहायची.

तिसऱ्यांदा त्यांच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत गेलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, थांबा, मी दाखवते. चप्पल काढली, सोनीसमोर स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या. "बघ, सोने. काही होत नाही."

खालचा आकडा सिस्टरांनी पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. अंगणवाडीच्या ताईंना पोरांचे आकडे मोठ्यानं वाचायची सवय, त्यांनी वाचून टाकला. आणि काशिनाथभाऊंना राहवलं नाही. ते म्हणाले, मागच्या आठवड्यापेक्षा किलोभर वाढलं.

आता त्या अंगणवाडीत अशी रीत आहे, की कुठल्याही पोराचं वजन वाढलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. बायकांनी ऐकलं, वाढलं. भिंतीला टेकून बसलेल्या, पोरं कडेवर घेतलेल्या, दारात उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी सिस्टरांसाठी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. एक म्हातारी म्हणाली, "खा बाय, अजून वाढेल."

सिस्टर काट्यावरच उभ्या. रडावं का हसावं, त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात सोनीनं आईचं लुगडं सोडलं. ती चालत आली आणि सिस्टर उतरायची वाट बघत उभी राहिली. सिस्टर उतरल्या. सोनी चढली. हात सरळ, मान सरळ. आकडा लुकलुकला, थांबला.

ताईंनी तो या वेळी वाचला नाही. दिवाळीच्या आधी होता त्याच्याही खालीच होता. मी सोनीच्या आईकडे पाहिलं, ती सिस्टरांकडे बघत होती.

सिस्टरांनी वाकून आकडा पाहिला, आणि टाळ्या वाजवल्या. मग मॅडमनी वाजवल्या. मग सगळ्या बायकांनी.

सोनी खाली उतरली, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, आणि पुन्हा चढली.