दिवसाला किती मोल पाणी?

मित्रांनो, आज अकरावीच्या वर्गात माझं डोकंच फिरलं. चाकूरच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या तासाला मी फळ्यावर सोपं गणित दिलं होतं: नळातून सेकंदाला दोन मोल, म्हणजे छत्तीस ग्रॅम, पाणी वाहतं, तर दिवसाला किती मोल?

निम्म्या वर्गाचं उत्तर ७२००! मी खेकसलो, "अरे, हे तासाचं झालं. चोवीसनं कोण गुणणार?"

पुढच्या बाकावरची सुनंदा उठली. "सर, नळाला दिवसभर कुठं पाणी हाय? आलं तर तासभरच येतंय की."



प्रवाह अखंड चालू आहे, असं पुस्तक गृहीत धरतं. या दुष्काळात पोरांनी धरलं न्हाई.

शेवटी चोवीसनं गुणायला लावलंच, पेपरात तेच उत्तर लागतं. पण खरं सांगा, तुमच्या गावात पाण्याचा दिवस किती तासांचा आहे?