लेकीच्या बांधावरचे चाकांचे घर

मिळकतीविषयी लिहिताना प्रथम तिच्या चतुःसीमा सांगाव्यात, असा आमच्या व्यवसायातील शिरस्ता आहे. पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस कोणाचे, उत्तरेस रस्ता की नाला. मी ज्या घराविषयी लिहीत आहे त्याला मात्र चतुःसीमा नव्हत्या, कारण त्याला चाके होती.

मी पाटोद्यास तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे परिस्थितीने होऊ दिले नाही. तथापि अनेक पदवीधरांनी माझ्यापुढे उकिडवे बसून आपले म्हणणे माझ्या शब्दांत मांडून घेतलेले आहे, आणि माझा मजकूर कचेरीतून भाषेच्या कारणाने परत आल्याचे कोणी दाखवून द्यावे. हल्ली बहुतेक कामे संगणक केंद्रावर होतात. तरीसुद्धा काही तक्रारी संगणकाच्या चौकटीत बसत नाहीत. त्या घेऊन माणसे अजून माझ्याकडेच येतात.

पत्नी वारल्यावर मी कचेरीच्या मागील गल्लीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. दिवसभर कानावर माणसांचे बोलणे असे. संध्याकाळी पेटी बंद करून खोलीवर गेलो, की दुसऱ्या दिवशी पहिला पक्षकार समोर येईपर्यंत मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. सकाळचे पहिले वाक्य बोलण्यापूर्वी घसा खाकरून घ्यावा लागे. सुटीच्या दिवशी तर तेवढेही कारण नसे. अशाच एका सुटीच्या दिवशी न्हाणीत पाय घसरून पडलो आणि कमरेतून उठता येईना. दुसऱ्या दिवशी मी जागेवर दिसलो नाही म्हणून चहावाला शोधत आला, तेव्हा ही गोष्ट जगाला कळली.

माझी एकुलती एक लेक तेलगावला दिली आहे. घर उसाचे, कापसाचे, माणसे चांगली. ती आणि जावई तातडीने आले. ती माझ्या उशाशी बसली आणि म्हणाली, "आण्णा, आता बास झालं. आमच्याकडं चला ऱ्हायला."

"ते शक्य नाही," मी म्हणालो.

"कावून?"

कारण तिलाही ठाऊक होते. लेकीची कूस उजवेपर्यंत आई-बापाने तिच्या घरचे अन्न घ्यायचे नाही, ही आमच्याकडची रीत आहे. तिच्या लग्नाला बरीच वर्षे झाली होती आणि अद्याप मूल नव्हते. इतक्या वर्षांत मी तेलगावला जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा दाराशी उभ्या उभ्या क्षेमकुशल विचारून, पाणीसुद्धा न घेता परत आलो होतो. मला आता लेकीजवळ राहायचे होते, हे निर्विवाद. परंतु तिच्या ताटावर पडून राहिलेला बाप, असे म्हणवून घ्यायचे नव्हते. या दोन गोष्टी एकत्र कशा आणाव्यात, याचा विचार मी अंथरुणावर पडून केला, आणि उत्तर मला माझ्या व्यवसायातच सापडले.

कायद्याने मिळकतीचे दोन प्रकार आहेत. जमिनीला जखडलेली ती स्थावर. उचलून नेता येते ती जंगम. घरच जर जंगम केले, चाकांवर बांधले, तर ते लेकीच्या शेतात उभे राहिले तरी उंबरा माझा, चूल माझी, अन्न माझे. रीतीला बाध येत नाही आणि लेक हाकेच्या अंतरावर राहते. मी हा मुद्दा धाकट्या भावापुढे पुराव्यासह मांडला. तो गावी शेती करतो. त्याचा ट्रॅक्टर आहे आणि त्याची ऊस वाहायची जुनी ट्रॉली गोठ्यामागे गंजत पडली होती.

तो डोके खाजवत म्हणाला, "दादा, ट्रॉलीत मानूस ऱ्हातो का कुटं? ट्रॉलीत ऊस ऱ्हातो."

"माझ्या म्हणण्यावर हरकत असल्यास सकारण सांग."

"आता तुमच्याम्होरं हरकत घ्यायला मी काय येडा हाय का? घ्या ट्रॉली. कोंबड्याबी ऱ्हाईना झाल्यात तिच्यात, तुमी तरी ऱ्हावा."

कामाला सुरुवात झाली. ट्रॉलीच्या बाजूच्या फळ्या काढून लोखंडी अँगलचा सांगाडा भावाने वेल्डिंग करून घेतला. जावई दर आठवड्याला तेलगावहून येई. पत्रा कापणे आणि वायरिंग ही कामे त्याच्याकडे होती. पत्र्याच्या आतून थर्माकोल, त्यावर प्लायवूड. एका माणसाची बाज, डोक्याशी फळी, पायाशी शेगडीचा ओटा, एक खिडकी, एक दार. मी देखरेख करीत होतो आणि आवश्यक तेथे पत्र्याचे टोक धरीत होतो.

धाकटी भावजय माझ्याशी प्रत्यक्ष बोलत नाही; थोरल्या दिराचा मान म्हणून पदर सावरून नवऱ्याकडे पाहते आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगते. एके दिवशी चहा घेऊन आली, दाराकडे बघत उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "त्यान्ला इचारा, उंबरा कुटं हाय? उंबऱ्याबिगर घर नसतंय. ही नुसती गाडी झाली."

माझ्या संपूर्ण युक्तिवादाचा आधारच उंबरा होता आणि तोच राहून गेला होता. मी लगेच लिंबाच्या लाकडाची फळी आणवली. ती बसवताना भाऊ म्हणाला, "बगा दादा, तुमच्या कायद्यात आमच्या मंडळीनं चूक काढली."

"चूक नव्हे, त्रुटी," मी म्हणालो. पदराआड ती हसली, असे मला वाटते.

त्या काळात मी एकदाही एकटा जेवलो नाही. दुपारी गोठ्याच्या सावलीत सगळे गोल करून बसत. भाकरी, ठेचा, कधी शेंगांची आमटी. भाऊ जावयाची थट्टा करी, जावई मान खाली घालून हसे. लेक आलेली असली तर ती माझ्या ताटात न विचारता वाढी, कारण ते तिचे माहेर होते, तेथे तिने वाढलेले मला चालत होते. काम जसे संपत आले तशी माझी अवस्था विचित्र झाली. खिडकी पूर्वेला घेतली होती, ती मी उत्तरेला घ्यायला लावली. पुन्हा पूर्वेला.

"दादा, खिडकी हाय का शेळी?" भाऊ वैतागला. "एका जागी ऱ्हाईना व्हय?"

मी उजेडाचे कारण दिले. खरे कारण अर्जात लिहिण्यासारखे नव्हते.

शेवटी पूजेचा प्रश्न निघाला. वाहनाची करायची की वास्तूची? माझ्या मते दोन्ही आवश्यक होत्या. म्हणून चाकाखाली लिंबू ठेवले आणि उंबऱ्यावर नारळ फोडला. ट्रॅक्टर पुढे सरकला, लिंबू चिरडले, भावजयीने दूध उतू घालण्यासाठी आणलेले भांडे तसेच हातात राहिले, कारण घर निघून चालले होते.

तेलगावला लेकीचे घर शेतातच आहे. जावयाने बांधालगत मुरूम टाकून जागा करून ठेवली होती. आसाखाली विटा रचल्या आणि घर उभे राहिले. दारावर मी माझी अर्जलेखकाची पाटी लावली. पिण्याचे पाणी मी गावातील सार्वजनिक नळावरून आणीत असे, कारण शेतातील विहीर लेकीच्या सासरची होती. किराणा माझा, गॅस माझा. गावातील काही मंडळी अर्ज लिहून घ्यायला येऊ लागली. माझी व्यवस्था पाहून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "रीत पाळावी तर अशी." मला फार समाधान वाटले.

संध्याकाळी लेक कामे उरकून येई आणि माझ्या पायरीवर बसे. मी चहा करी. ती माझ्याकडे चहा घेई. मी तिच्याकडे घेत नसे. ऊस किती वाढला, सासूबाईंचे गुडघे, म्हैस कधी विणार, एवढेच बोलणे. मग घरातून हाक येई आणि ती उठे. त्यानंतर मी खिडकीपाशी बसून तिच्या घराकडे पाहत असे. फोडणी चरचरल्याचे ऐकू येई. कोणीतरी काहीतरी बोले आणि सगळे हसत. शब्द कळत नसत. मी खिचडी खाऊन भांडे घासून पालथे घालीत असे. पाटोद्याच्या खोलीत दुसऱ्यांची जेवणे ऐकू येत नव्हती, एवढा फरक होता.

असे काही महिने गेले. मग ती पायरीवर येईनाशी झाली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. आली तरी उभीच. मी कारण विचारले तर म्हणे, "काम लई हाय, आण्णा."

कारण मला नळावर समजले. मी हंड्याच्या रांगेत होतो. पुढे दोन बाया होत्या. त्यांनी मला पाहिले नव्हते.

"ती चाकावरची खोली कुनाची गं, मळ्यात?"

"तिच्या बापाची. लेकीच्या घरचं खात न्हाई म्हनं म्हातारा."

"कावून?"

"कावून म्हंजी? पाळना कुटं हाललाय अजून? जाता-येता ती येगळी चूल दिसती बग. मला तर ध्यानातबी नव्हतं एवढी वर्सं झाली म्हनून."

"तर काय. बापानंच पाटी लावली की दारावर."

मी हंडा अर्धाच भरून निघालो. माझी शेगडी माझ्या स्वाभिमानाची साक्ष देत आहे, असे मी समजत होतो. ती रोज दोन वेळा, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला, माझ्या लेकीची कूस रिकामी असल्याचे सांगत होती. वर्षातून दोनदा दाराशी उभा राहून जाणारा बाप कोणाच्या लक्षात राहत नव्हता. आता तो बांधावर मुक्कामाला आला होता.

बांधापर्यंत येईस्तोवर माझा निर्णय झाला. रीत आयुष्यभर पाळली; लेकीसाठी मोडायची. मी हंडा पायरीवर ठेवला, पाय धुतले आणि भर दुपारी तिच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती एकटीच होती. भाकरी थापत होती. तव्यावर एक फुगत होती.

"मला वाढ," मी म्हणालो आणि भिंतीला टेकून पाट घेतला.

ती माझ्याकडे बघत राहिली. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती उतरवली. परंतु ताट घेतले नाही.

"न्हाई वाढनार, आण्णा."

"का नाही? मी स्वखुशीने आलो आहे. रीत मी मोडतो, दोष माझा."

"दोषाचं न्हाई." तिने पिठाचे हात पदराला न पुसता तसेच मांडीवर ठेवले. "तुमी आज हितं जेवलाव तर गाव काय म्हनंल? बापानंबी आस सोडली म्हनंल. म्हनून जेवला म्हनंल. आण्णा, मी अजून सोडली न्हाई."

तहसीलदारांसमोर मी दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. येथे दोन्ही बाजू तिच्याच विरुद्ध जात होत्या. वेगळी चूल पेटवली तरी तिला बोल, विझवून तिच्या ताटावर बसलो तरी तिलाच बोल.

"मग मी काय करू?" मी विचारले. हे वाक्य रोज लोक मला विचारतात.

तिने तव्याखालचा जाळ मागे ओढला. मग हळूच म्हणाली, "चाकं हायत ना त्याला."

मी उठलो. उपाशी उठलो म्हणून ती रडू लागली आणि तिला रडताना पाहूनही मला तिच्या घरचे पाणी मागता येईना.

मी निरोप दिला आणि भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. चाके मुरमात रुतली होती. जावयाने पहारीने मोकळी केली, हवा भरली. विटा काढता काढता तो म्हणाला, "मामा, ऱ्हावा की. लोकान्ला काय, दोन दिवस बोलतेत." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लेक आत गेली, सगळी खोली झाडून काढली, डबे पडू नयेत म्हणून चिंध्या कोंबल्या. उतरताना उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "जितं लावताल तितं मी येईन. दोन दिवस ऱ्हाईन. तुमच्या घरी मला कोन काय म्हननार?"

तिची सासू ओट्यावर उभी होती. माझ्याशी ती कधी बोलली नव्हती. त्या दिवशी मात्र ट्रॅक्टर वळेपर्यंत ती आत गेली नाही.

दिवसभर आम्ही हळूहळू चाललो. मी भावाशेजारी मडगार्डवर बसलो होतो. ऊन कलताना मांजरसुंब्याला पोहोचलो. भावाने ढाब्यासमोर ट्रॅक्टर उभा केला आणि इंजिन बंद न करताच विचारले, "दादा, कुटं लावायचं घर? पाटोद्याला भाड्याची जागा बगायची का आपल्या गोठ्यामागं?"

"आधी चहा घे," मी म्हणालो.

तो आत गेला. उभ्या असलेल्या ट्रकमधला एक चालक उतरून घराभोवती फिरला, पत्र्यावर टिचकी मारली, खिडकीतून डोकावला.

"झकास बनवलंय बे," तो आपल्या क्लीनरला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काका, आत कोन ऱ्हातं?"

"मी."

"एकलेच?"

एरवी अशा प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देतो. माझी लेक तेलगावला असते, जावई सधन आहे, वगैरे. त्या दिवशी मी फक्त "होय, एकटाच" म्हणालो. भाऊ चहा घेऊन येत होता. मी त्याला सांगितले की गोठ्यामागेच लाव.