सत्काराची शाल आणि घारीचं वजन

मित्रहो, एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. संस्कृत शिकवल्याबद्दल जन्मात एकच सत्काराची शाल मिळाली, तिला आज सकाळी एका घारीने नखांनी सात भोकं पाडली. श्येनकुळाला विद्वानांची कदर उरली नाही.

शेजारच्या भिकाआबांना ती घार तळोदा रस्त्यावरच्या शेतात, कुंपणाच्या तारेत अडकलेली सापडली. पंखाचं हाड मोडलेलं. हाताशी होती ती शाल गुंडाळून आम्ही तिला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"हाड बसवायला भूल द्यावी लागेल," ते म्हणाले. "पाखरांसाठी गॅसचं यंत्र इथे नाही, पंखाखालच्या शिरेतूनच देतो. औषध वजनावर ठरतं. गुरुजी, नीट वजन करून आणा."

समोरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तिला ठेवून मी श्लोक म्हणावा तसा आकडा सांगितला, "नऊशे पन्नास ग्रॅम!"

सुई लागताच घार शांत झाली. हाडही छान बसलं.

"गुरुजी, हाई आते उठी ना?" आबांनी तीनदा विचारलं.

ती उठली नाही. श्वासच थांबला.

डॉक्टर हात धूत म्हणाले, "माझाच अंदाज चुकला. यापुढे पाखरू आणू नका, मी सुई लावणार नाही."

दुपारी शाल धुवायला घेतली. ओली व्हायच्या आधीच ती हाताला जड लागली. घारीचं वजन मी शालीसकट केलं होतं.

डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. सांगायची भीती वाटते. आणि न सांगितलं, तर पुढची जखमी घार कुणाकडे न्यायची?